दोन आडव्या रेषा : रुपयाच्या चिन्हाचा इतिहास

१/ जुलै २०१० पूर्वी भारतीय रुपयाला स्वतःचे चिन्ह नव्हते. 'रु.' किंवा रोमन 'आरएस' ही संक्षिप्त अक्षरे वापरली जात आणि त्यातली रोमन अक्षरे पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका यांच्या रुपयांसाठीही चालत. रक्कम नेमकी कोणत्या देशाची, हे चिन्हावरून कळत नसे.

२/ नाव मात्र जुनेच. संस्कृत 'रूप्य' म्हणजे ठसा उमटवलेली चांदी. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने सुमारे ११.५ ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे काढले, ते 'रुपया' याच नावाने रूढ झाले.

३/ चलनचिन्हांत आडव्या रेघेची परंपरा युरोपीय लेखनिकांकडून आली. शब्द संक्षिप्त केला आहे हे दाखवण्यासाठी ते अक्षरावर रेघ ओढत. लॅटिन 'लिब्रा'च्या 'एल'वर अशी रेघ आली आणि पाउंडाचे चिन्ह घडले. येन आणि युरोच्या चिन्हांतही दोन आडव्या रेषा आहेत.

४/ मार्च २००९ मध्ये वित्त मंत्रालयाने खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. अंतिम पाचांतून डी. उदयकुमार यांची रचना निवडली गेली. पवईच्या आयआयटी मुंबईत त्यांनी तमिळ मुद्राक्षरांवर संशोधन केले होते. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चिन्हास मान्यता दिली.

५/ रचनेचे मर्म एका वजाबाकीत आहे. रोमन 'आर'चा उभा दंड काढून टाकला, की उरलेली आकृती देवनागरी 'र'च्या अगदी जवळ जाते. दोन लिपींची अक्षरे एकमेकांना चिकटवावी लागत नाहीत. एकच आकृती दोन्ही प्रकारे वाचता येते.

६/ वरची रेषा ही शिरोरेखा. रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते, देवनागरी अक्षर शिरोरेखेला लटकते. ही रेषा नसती, तर चिन्हाचे भारतीयपण पुसट झाले असते. खालची समांतर रेषा चलनचिन्हांच्या जागतिक कुळाशी नाते सांगते. दोहोंमधील पांढऱ्या पट्ट्यात रचनाकाराला तिरंगा अभिप्रेत होता, तर रेषांच्या जोडीत समानतेचे '=' चिन्ह. येथे रिकामी जागाही रेषेइतकीच बोलते.

७/ पण कागदावरचे रेखाटन म्हणजे चलनात आलेले चिन्ह नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ₹ ला स्वतंत्र स्थान मिळाले आणि संगणकांवर ते उमटण्याचा मार्ग मोकळा झाला. २०११ पासून नाण्यांवर आणि २०१२ पासून नोटांवर ते दिसू लागले.

८/ वाद मात्र संपला नाही. भारतीय नोटेवर १७ भाषा आहेत; चिन्हात मात्र देवनागरी आणि रोमन या दोनच लिपी. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ ऐवजी 'रू' हे तमिळ अक्षर वापरले. ज्या चिन्हाला बाजूला सारले गेले, त्याचा रचनाकार स्वतः तमिळभाषक होता.

९/ बोधचिन्हात रेषा जितक्या कमी, तितका प्रत्येक रेषेवरचा भार अधिक. शिरोरेखा मराठी वाचकाला इतकी परिचित आहे की ती वेगळी जाणवतही नाही. ज्या लिपीत शिरोरेखाच नाही, तिच्या वाचकाला मात्र ती प्रथम दिसते. बहुभाषिक देशाचे चिन्ह घडवण्यातली अडचण याच एका रेषेत सामावलेली आहे.