वीज गेल्यानंतरचे काही क्षण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड आणि तलवारी उभ्या राहतात. श्रोतेहो, आम्ही आज सांगणार आहोत तो इतिहास धारित्राचा. कारखान्यात आपण त्याला कपॅसिटर म्हणतो. आमची शाळा लवकर सुटली. हा धडा आम्हांला एका भांडणाने शिकवला.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावरील हजेरीचे यंत्र वीज गेली की ताज्या नोंदी विसरत असे. पाळीवर आलेल्या माणसाच्या नावावर खाडा पडे. आम्ही यंत्र उघडायला लावले. आतली आधाराची बॅटरी केव्हाच मेली होती.

वीज साठवावी कशी, हा प्रश्न जुना. १७४५ साली पोमेरेनियात क्लाइस्टने आणि १७४६ साली हॉलंडमधील लायडनला मुशेनब्रूकने ती काचेच्या बरणीत साठवली. पण साठा अगदी थोडा. १८५३ साली हेल्महोल्ट्झने मांडले की विद्युतवाहक पदार्थ व द्रावण जेथे भेटतात तेथे विद्युतभाराचे दोन थर समोरासमोर उभे राहतात. थरांतले अंतर जितके कमी आणि पृष्ठभाग जितका मोठा, तितका साठा मोठा. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या बेकरने सच्छिद्र कोळसा वापरून पेटंट घेतले. अशा कोळशाच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग असू शकतो! १९६६ साली ओहायोच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये हीच युक्ती पुन्हा सापडली. कंपनीने ती १९७१ साली जपानच्या एनईसीला वापरायला दिली, आणि १९७८ साली ‘सुपरकपॅसिटर’ बाजारात आला तो संगणकाची स्मृती राखण्यासाठीच.

बॅटरी रासायनिक क्रियेने झिजते. हे धारित्र लाखो वेळा भरते व रिकामे होते. मात्र तेवढ्याच वजनाच्या बॅटरीपेक्षा त्यात ऊर्जा पुष्कळच कमी मावते. शिवाय एकेकाला साधारण २.७ व्होल्टच सोसतात, म्हणून दोन जोडावी लागतात. जोडीतले लहान आधी भरते आणि जास्त दाब त्याच्यावर पडतो. ऊर्जा काढावी तसा व्होल्टही उतरत जातो.

म्हणून मुकादम लागतो. तोच ही चिप. रिकामे धारित्र एकदम वीज ओढू लागते, त्याला ती आवरते. जोडीवरचा दाब सारखा ठेवते. वीज जाताच उतरता व्होल्ट चढवून यंत्राला स्थिर पुरवठा करते आणि नोंद जपून ठेवण्याचा इशारा देते. काही क्षणांचेच काम; पण त्या क्षणांत एखाद्याची रोजी असते.

आमच्याकडे पुढे असे यंत्र आले. कापलेले खाडे मात्र परत मिळाले ते एका सोबत्याने रोज वेळ टिपलेल्या वहीमुळे. तेव्हा बंधूंनो, नवे यंत्र बसले की त्याची वीज सर्वांदेखत एकदा बंद करून पाहायला सांगा. आणि वहीही ठेवा.