सुनुंग परीक्षा : इंग्रजी विषय
दक्षिण कोरियात विद्यापीठ प्रवेशासाठी १९९३ पासून घेतल्या जाणाऱ्या सुनुंग परीक्षेतील एक विषय. परीक्षार्थी मुख्यतः सतरा-अठरा वर्षांचे असतात. ७० मिनिटांत ४५ प्रश्न सोडवायचे; पैकी १७ श्रवणाचे, उरलेले वाचनाचे. ध्वनिमुद्रित संवाद ऐकताना व्यत्यय नको म्हणून देशभर सुमारे अर्धा तास विमानांचे उड्डाण व अवतरण थांबवतात. हवेतील विमाने तोवर उंचावर घिरट्या घालतात. वाचनाचे काही उतारे इतके क्लिष्ट, की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही दमछाक व्हावी. सर्व प्रश्न बहुपर्यायी असल्याने प्रत्यक्ष बोलणे आणि लिहिणे तपासलेच जात नाही, ही मोठी उणीव. २०१७ च्या परीक्षेपासून इंग्रजीत तुलनात्मक श्रेणी बंद झाली. आता १०० पैकी ९० किंवा अधिक गुण मिळवणारा प्रत्येक जण पहिल्या श्रेणीत येतो.