जुनेर

घरातले नको असलेले सामान घेणारी संस्था जवळपास कुठे आहे, असे विद्यार्थी मला विचारतात. पत्ता सांगण्याआधी मी या देण्याचा इतिहास सांगतो. शूद्र सेवकाला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, फोलकट धान्य आणि घरातले जुने सामान द्यावे, हा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील १२५ वा श्लोक. त्याच अध्यायातील ५२ वा श्लोक चांडाळाच्या अंगावर प्रेताची वस्त्रे चढवतो. हे ग्रंथातच राहिले नाही. गावोगाव मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' होता. हक्क म्हणे! मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मृतमांस सोडायला सांगितले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जळाली.

१९९९ मध्ये दिल्लीत सुरू झालेली 'गूंज' गावकऱ्यांनी विहीर, रस्ता असे सार्वजनिक काम केले की मोबदला म्हणून कपडे देते. भिकेपेक्षा हे बरे. तरी श्रमाचे मोल जुनेरात, म्हणजे मला बलुतेच आठवते.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, आधी वस्तीतल्या वसतिगृहात, वाचनालयात जा आणि काय हवे ते विचारा. चालू अभ्यासक्रमाची पुस्तके, धड चादरी, चालता पंखा त्यांना हवा असतो. बाकीचे कपडे बोहारणीला द्या. ती घासाघीस करते आणि बदल्यात भांडे देते.