पूर्ण उतरू द्यायची की नाही?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात दोन महिने गेले. आता अक्षरं पुन्हा स्वच्छ दिसू लागली आहेत, तेव्हा तुमची सुटका नाही!

विषय तसा क्षुल्लक आहे. मोबाईलचं चार्जिंग. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या मास्तराला कुठल्याही गोष्टीत सनावळी दिसते, त्याला इलाज नाही. शिवाय या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे. खरं तर दोन. त्या लिहून टाकाव्यात म्हणून हा प्रपंच.

आमचं घर अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अगदी कडेला. रात्रभर यंत्रमागांचा खडखडाट कानावर असतो. पाहुण्यांना झोप येत नाही, आणि आम्हाला माग बंद पडले की जाग येते. शेजारचा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो. त्याचे वडील माझे विद्यार्थी. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठीत. गेल्या मे महिन्यात एका सकाळी पाळी संपवून येताना तो फाटकापाशी थांबला.

"सर, मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावून ठेवलं तर बॅटरी खराब होतंय का ओ?"

कारखान्यात मागाशेजारच्या बोर्डाला तो फोन लावून ठेवायचा. नवा फोन, हप्त्यावर घेतलेला. मी वर्गात सांगावं तशा ठाम आवाजात सांगितलं, "रोज रोज लावत बसू नकोस. पूर्ण उतरू दे, फोन बंद पडला की मगच लाव, आणि लावलास की शंभर होईपर्यंत काढू नकोस."

"बरं सर," म्हणून तो गेला. आमच्याकडे सरांचं ऐकतात अजून.

पंधरा दिवसांनी रात्री दोनच्या सुमारास त्याच्या आईने आमचं दार वाजवलं. वडिलांना दरदरून घाम सुटला होता, बोलणं अडखळत होतं. मुलाला फोन लागत नव्हता. रिक्षावाल्याला उठवलं, त्यांना दवाखान्यात पाठवलं आणि मी पायी कारखान्याकडे निघालो. मागांच्या त्या आवाजात वॉचमनला माझं म्हणणं समजायला पाच मिनिटं लागली. मुलगा बाहेर आला, खिशातून फोन काढून बघितला आणि म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलाव म्हणून उतरवत होतो. आत्ताच बंद पडलंय वाटतं."

साखर उतरली होती, बाकी काही नव्हतं. सलाईन लावलं, सकाळी घरी आणलं. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. पण मला ते लागलं, आणि त्या दिवसापासून मी हा बॅटरीचा इतिहास उकरत बसलो. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर निवृत्तीनंतरही माझ्या शंकांना कंटाळत नाहीत, त्यांनी रसायनाचा भाग समजावला. मी बी.ए.वाला, तेव्हा सल्फेटपुढे माझी गाडी जात नव्हती.

बॅटरी प्रथम पाहिली ती लहानपणी, अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या खेड्यात. गावात वीज नव्हती, पण ग्रामपंचायतीत सरकारी रेडिओ होता. जुन्या मुंबई राज्यात खेड्यापाड्यांतून असे सामुदायिक रेडिओ दिले गेले होते. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोकांनी रेडिओभोवती बसायचं, शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि नंतर त्यावर चर्चा करायची. पुढे १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली गेली. आमच्या गावात अशी चर्चा काही होत नव्हती. बाजारभाव, बातम्या आणि भजन, एवढ्यावर गाव खूश होतं.

रेडिओ चालायचा तो एका जड, ॲसिडच्या बॅटरीवर. शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक ॲसिड. ही जात फार जुनी. व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी केली, पण ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसाने केली १८५९ साली. त्याच्या दुसऱ्या वर्षी, १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली. (संबंध काही नाही, पण सनावळी शेजारी शेजारी आल्या की मला राहवत नाही.)

या शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा की तिला रिकामं राहणं सोसत नाही. उतरलेली तशीच ठेवली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होत जातात, आणि मग कितीही वीज दिली तरी ते पुरते विरघळत नाहीत. म्हणून आमचे हेडमास्तर, ज्यांच्याकडे रेडिओची किल्ली असे, ते शिपायाला सारखं बजावत, "आवाज बारीक झाला की लगेच बॅटरी ने, पूर्ण बसू देऊ नको." शिपाई ती एस.टी.ने अक्कलकोटला चार्जिंगला नेई. दोन दिवस लागत. ते दोन दिवस गाव मुकं.

२७ मे १९६४. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. त्या दिवशी नेमकी बॅटरी अक्कलकोटला होती. पंडितजी दुपारी गेल्याची बातमी आमच्या गावात संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरने आणली. हेडमास्तर पारावर बसून राहिले आणि कितीतरी वेळ एकच वाक्य म्हणत होते, "आजच कशी न्यायला सांगितली मी." साठ वर्षांनी कारखान्याच्या फाटकात उभा असताना मला ते आठवले.

असो. आता दुसरी जात. स्वीडनच्या युंगनरने १८९९ साली निकेल-कॅडमियमची बॅटरी केली. पुढे वॉकीटॉकी, व्हिडिओ कॅमेरा, बिनतारी फोन यांत ती शिरली. हिची तक्रार शिशाच्या अगदी उलटी. दरवेळी अर्धवट उतरवून पुन्हा भरली तर ती जणू तेवढ्याचीच सवय लावून घेते आणि त्यापुढे लवकर मान टाकते. म्हणून मधून मधून पूर्ण उतरवायची, हा उपाय. पहिल्या पिढीच्या मोबाईलमधे हिची किंवा हिच्या निकेलवाल्या धाकट्या बहिणीची बॅटरी असे, आणि दुकानदार तो नियम गिऱ्हाइकाला सांगत. त्या काळात तो बरोबरच होता.

मी पहिला मोबाईल घेतला २००४ साली. इनकमिंग फुकट होऊन वर्ष झालं होतं, तेव्हा आम्हा मास्तरांनाही परवडू लागला. नोकिया ११००, वर टॉर्च असलेला. नवी पेठेतल्या दुकानातल्या पोराने सांगितलं, "पहिल्यांदा आठ तास लावा, आणि नंतर पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका." मी ते वेदवाक्य म्हणून वीस वर्षं पाळलं, आणि शेजारच्या मुलाला दिलं तेही हेच.

गंमत अशी, की त्या ११०० मधली बॅटरी निकेलची नव्हतीच. ती लिथियम-आयनची होती. म्हणजे नियम मला मिळाला तेव्हाच शिळा झालेला होता!

लिथियमची कथा मोठी आहे. सत्तरच्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी पाया घातला, १९८० साली ऑक्सफर्डमधे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साईडचा उपयोग दाखवला, जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ साली ती सुरक्षित करून दाखवली आणि १९९१ मधे सोनीने ती बाजारात आणली. या तिघांना नोबेल मिळालं २०१९ साली, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळवणारे सर्वांत वयस्कर गृहस्थ. म्हणजे मला अजून वीसेक वर्षं आहेत.

या बॅटरीला आठवण-बिठवण काही नाही. अर्धी उतरवून लावली तरी चालते. दोन दिवस रोज पन्नास टक्के वापरली, तर मिळून एकच फेरा मोजला जातो. अशा काही शे फेऱ्यांनी तिची ताकद हळूहळू घटते, ते कोणालाच टळत नाही. मात्र तिला दोन टोकं आवडत नाहीत. अगदी रिकामी होऊन पडून राहिली तर मरते. आणि काठोकाठ भरलेली, वर उन्हाची, अशी राहिली तर आतल्या आत नको त्या क्रिया होऊन लवकर म्हातारी होते. रात्रभर लावल्याने ती 'जास्त भरत' नाही, शंभरला फोन स्वतःच थांबतो. त्रास आहे तो शंभरवर तासन्‌तास गरम बसण्याचा. म्हणून तर आता बऱ्याच फोनमधे ऐंशीला थांबण्याची सोय दिलेली असते. ॲपलवाले म्हणतात, फोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा. आता बोला! सोलापूरकरांनी मार्च ते जून फोन कपाटात ठेवायचा की काय? आणि पत्र्याच्या शेडमधे, चालत्या मागाशेजारी, सुताच्या उडत्या धुळीत तो रात्रभर लावून ठेवणं हे त्या बॅटरीला आणि कारखान्याला, दोघांनाही बरं नाही. मुलाने मला विचारलं होतं ते हेच. मी उत्तर दिलं दुसऱ्याच बॅटरीचं.

लिथियमची भीती आम्हाला पहिल्यांदा कळली ती २००७ च्या ऑगस्टमधे. नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी या बॅटरीपैकी मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांत चार्जिंगच्या वेळी क्वचित शॉर्ट होऊन त्या तापू शकतात, आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. आमच्या स्टाफरूमची काय अवस्था झाली म्हणता! झेंडावंदन आटोपून सगळे फोनची पाठ उघडून बसले. बॅटरीवरचा २६ अक्षरी नंबर कोणाला वाचता येईना, तेव्हा भूगोलाच्या कपाटातलं नकाशाचं भिंग आणलं. 'मोबाईलचा स्फोट होणार' असे एसेमेस फिरत होते, आणि ते वाचायला पुन्हा तोच मोबाईल हातात. एका बाईंनी तर फोन पाण्याच्या बादलीशेजारी ठेवला होता. आमच्यात कोणाचीच बॅटरी त्या यादीतली निघाली नाही. पुढे २०१६ साली सॅमसंगचा नोट ७ खरोखर पेटू लागला, तेव्हा तो फोनच बाजारातून मागे घेतला गेला.

आता दुसरी चूक. ही माझी घरातली.

२००५ नंतर महाराष्ट्रात लोडशेडिंगने काय दिवस दाखवले ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा आम्ही इन्व्हर्टर घेतला. जिन्याखाली शिशाची बॅटरी, तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि नेहमी भरलेली ठेवायची. हेडमास्तरांची बॅटरीच ती, घरात आलेली. हे काम मी चोख करत आलो.

ही गेली त्याला चार वर्षं झाली. तिचा फोन मी ठेवून दिला. फोटो मुलाने काढून घेतले होते, पण सुनेला फोनवर पाककृती सांगतानाची तिची काही रेकॉर्डिंग्ज त्यातच होती. फोन मरू नये म्हणून मी तो जिन्याजवळच्या कोनाड्यात, इन्व्हर्टरच्या बोर्डाला कायमचा लावून ठेवला. रात्रंदिवस शंभर टक्के. मनात भाव असा की आपण त्याची नीट काळजी घेतोय. गेल्या जूनमधे, शेजारच्या प्रकरणानंतर ही सगळी माहिती गोळा करत असताना, सहज तो फोन हातात घेतला. पडदा एका बाजूने उचलला गेला होता. मागचं झाकण टम्म फुगलं होतं.

दुकानातल्या कारागिराने तो हातात घेतला तोच जपून. म्हणाला, "काका, अजून थोडे दिवस राहिला असता तर काही खरं नव्हतं." फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, ती टोचायची वा दाबायची नाही, हेही त्यानेच सांगितलं. २०२२ पासून आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम आहेत, ते मला नंतर कळलं. त्याने जुनी ठेवून घेतली, नवी बसवली. तासभर मी दुकानाच्या बाकावर बसून होतो. त्या तासाबद्दल लिहीत नाही. फोन चालू झाला.

शेजारच्या मुलाकडे मी स्वतः गेलो आणि सांगितलं, बाबा, मी सांगितलेलं चुकीचं होतं. आता तो पाळीला निघण्याआधी घरीच तासभर फोन लावतो, ऐंशी-पंच्याऐंशीला काढतो, आणि कारखान्यात लावत नाही. डब्याच्या पिशवीत, मागापासून लांब ठेवतो. परवा विचारत होता, "सर, हे नियम पण बदलतंय का पुढं?" म्हटलं, बदलेल की. तेव्हा मात्र मला विचारू नको, विज्ञानाच्या सरांना विचार.

आज एक तारीख. इन्व्हर्टरमधे पाणी घालून झालं. हिचा फोन आता बंद करून, अर्धी बॅटरी ठेवून, कपाटात असतो. महिन्यातून एकदा काढून बघतो. आज ४६ टक्के होती, दहा मिनिटं लावली. शेंगाचटणीचं रेकॉर्डिंग ऐकलं. "उखळात कुटायची गं, मिक्सर नको," असं ती सुनेला तीनदा सांगते. रेकॉर्डिंगचा दुसरा सेट मुलाने परवा त्याच्या कॉम्प्युटरवर घेतला आहे. फोन बंद करून पुन्हा साडीच्या घडीत ठेवला.