फ्रँक्लिन, बेंजामिन : कौटुंबिक जीवन

अमेरिकन मुत्सद्दी, मुद्रक व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–१७९०) याचा संसार फिलाडेल्फियात १७३० मध्ये सुरू झाला. त्याची सहचरी डेबोरा रीड हिचा पहिला नवरा परागंदा होता. त्याच्या मृत्यूचा पुरावा नसल्याने रीतसर विवाह न करताच दोघे पतिपत्नी म्हणून राहू लागले. फ्रँक्लिनचा अनौरस मुलगा विल्यम याच घरात वाढला. फ्रान्सिस हा मुलगा १७३६ मध्ये चार वर्षांचा असताना देवीने दगावला. सेरा ही मुलगी १७४३ मध्ये जन्मली.

सार्वजनिक कामापायी फ्रँक्लिनने घराकडे दुर्लक्ष केले, असे सर्रास म्हटले जाते. मात्र ते काम उभे राहिले तेच घराच्या बळावर. दुकान, हिशेब आणि टपालाचा कारभार डेबोराने सांभाळला. वसाहतींवर कर लादणाऱ्या ब्रिटिश स्टँप कायद्यावरून १७६५ मध्ये जमाव घरावर चालून येणार अशी आवई उठली, तेव्हा पती लंडनमध्ये होता. तिने बंदुका मागवून घर राखले. ती समुद्रप्रवासाला घाबरे म्हणून लंडनला गेली नाही, हा फ्रँक्लिनच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे. पण ती भीती तिला होती, त्याला नव्हती. १७६४ मध्ये गेलेला फ्रँक्लिन, तिची प्रकृती खालावल्याचे कळूनही, डिसेंबर १७७४ मध्ये ती वारेपर्यंत परतला नाही.

न्यू जर्सीचा गव्हर्नर झालेला विल्यम ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिला आणि १७७६ मध्ये कैदेत पडला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धासारख्या यादवीत अशी फूट अटळच, असा आक्षेप घेता येईल. तो युद्धकाळापुरता मान्य करावा लागतो. ब्रिटनशी झालेल्या तहानंतरच्या फ्रँक्लिनच्या वागणुकीला तो लागू पडत नाही. विल्यमने १७८४ मध्ये समेटाचे पत्र लिहिले. पुढच्या वर्षी साउदॅम्प्टनला झालेली पितापुत्रांची भेट मात्र देण्याघेण्याचे व्यवहार मिटवण्यातच संपली. विल्यमचाच अनौरस मुलगा टेंपल याला मात्र आजोबाने पॅरिसमध्ये चिटणीस म्हणून जवळ ठेवले होते. म्हणजे फ्रँक्लिनला आपल्या माणसांचे वावडे नव्हते. त्याच्या कार्याला साथ देईल तोच त्याच्या लेखी आपला होता. मृत्युपत्रात मालमत्तेचा मोठा वाटा सेरा व तिच्या पतीला मिळाला. विल्यमच्या वाट्याला नोव्हा स्कोशियातील जमिनीवरचा हक्क आणि आधीच त्याच्याजवळ असलेली पुस्तके व कागदपत्रे आणि त्याच्याकडील कर्जाची माफी एवढेच आले. युद्धात तो आपल्याविरुद्ध उभा राहिला, हे कारणही त्यात नमूद आहे.