‘फायमोसिस’ : एक संज्ञा आणि बालकांची सुंता

वैद्यकातील संज्ञा केवळ विकाराचे नाव सांगत नाही. प्रकृती कोठे संपते व विकृती कोठे सुरू होते, ही सीमाही तीच आखते. ही सीमा चुकल्यास शस्त्र निरोगी देहावर चालते. इंग्लंडमध्ये वैद्यकीय कारणास्तव होणाऱ्या बालकांच्या सुंतेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. धार्मिक संस्कार म्हणून होणाऱ्या सुंतेचा प्रश्न निराळा होय.

‘फायमोसिस’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ मुसके बांधणे. शिश्नाची अग्रत्वचा मागे सरकत नसली की त्या अवस्थेस हे नाव देत. १८७० साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद लुईस सेअर यांनी एका पाच वर्षांच्या मुलाच्या पायांचे लुळेपण सुंतेने दूर झाल्याचे प्रतिपादिले. तेथून या ‘विकारा’कडे नाना व्याधींचे मूळ म्हणून पाहण्याची प्रवृत्ती बळावली. पुढे इंग्लंडमधील सुस्थित कुटुंबांत अर्भकांची सुंता ही नित्याची बाब झाली.

या समजुतीची कसोटी केंब्रिजचे बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी घेतली. १९४९ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या निरीक्षणानुसार जन्मसमयी केवळ ४ टक्के मुलांची अग्रत्वचा पूर्णपणे मागे सरकते. एका वर्षाच्या वयात हे प्रमाण सुमारे ५० टक्के, तर तीन वर्षांच्या वयात सुमारे ९० टक्के होते. अग्रत्वचा व शिश्नमुंड जन्मतः परस्परांस चिकटलेली असतात व कालांतराने आपोआप विलग होतात. अर्थात अर्भकातील ‘फायमोसिस’ हा बहुधा रोग नसून वाढीची एक पायरी होय. याउलट, इंग्लंड व वेल्समध्ये या शस्त्रक्रियेपायी दरवर्षी सुमारे १६ बालके दगावत, असेही त्यांनी दाखविले. त्यानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये ही प्रथा झपाट्याने ओसरली.

१९६८ मध्ये डेन्मार्कचे याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या मुलांत ‘फायमोसिस’ ८ टक्के, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत अवघा १ टक्का आढळला. म्हणजे गेर्डनर यांनी सुचविलेली कालमर्यादाही काहीशी आखूडच ठरली.

व्रणामुळे त्वचा खरोखरच आवळली गेल्यास उपचार अवश्य हवा. तेथेही पुष्कळदा स्टिरॉइडयुक्त मलम पुरेसे पडते. परंतु प्रकृतीची संथ गती आणि विकृती यांस एकच नाव देण्याची चूक किती महाग पडते, हे त्या बालकांच्या मृत्यूंनी दाखवून दिले आहे.