दुसरे श्रीरामपूर

श्रीरामपूरला जाऊन येतो, असे मी घरी सांगितले तेव्हा काकांनी विचारले, "नगर जिल्ह्यात काय काम काढलंस?" त्यांचे चुकले नाही. मराठी माणसाला श्रीरामपूर म्हटले की ऊस, साखर कारखाने आणि मनमाड-दौंड मार्गावरचे स्थानक आठवते. मी जाणार होतो ते हुगळी नदीकाठचे, कलकत्त्याच्या उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर असलेले श्रीरामपूर. इंग्रजांनी त्याचे सेरामपूर केले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते पहिल्या काही पानांत येते आणि मग पुन्हा कुठेच येत नाही. शाळेत आम्हाला 'श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी पुस्तके छापली' एवढेच एक वाक्य होते. बंगालमधल्या एका गावाला मराठी पुस्तके छापण्याचे काय कारण पडले, हे कुणी विचारले नाही आणि गुरुजींनी सांगितले नाही.

हावड्याहून लोकल मिळते. बाली, उत्तरपाडा, कोन्नगर, रिषडा आणि मग श्रीरामपूर. ही रेल्वे १८५४च्या ऑगस्टात सुरू झाली, आपल्या मुंबई-ठाणे गाडीनंतर सव्वा वर्षाने. रिषड्याला १८५५मध्ये देशातली पहिली ताग गिरणी उभी राहिली, आणि पुढे नदीचा हा सगळा काठ गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. आता त्यातली बरीच धुराडी थंड आहेत. श्रीरामपूर स्थानकाबाहेर मात्र कुठल्याही उपनगरात असते तशी गर्दी असते: टोटो रिक्षा, फळवाले, मोबाइलची दुकाने. नदीच्या दिशेने दहा मिनिटे चालले की आवाज हळूहळू मागे पडतो. रस्ते अरुंद होतात, जुन्या घरांच्या खिडक्यांना हिरव्या झडपा दिसू लागतात, आणि एका वळणावर एकदम पांढरे चर्च समोर येते.

हे सेंट ओलाव्हचे चर्च. त्याच्या दर्शनी भागावर राजमुद्रा आहे ती इंग्लंडच्या राजाची नव्हे, डेन्मार्कच्या सातव्या ख्रिश्चनची. १७५५पासून १८४५पर्यंत नव्वद वर्षे हे गाव डॅनिशांचे होते. पाचव्या फ्रेडरिकच्या नावावरून त्यांनी त्याला फ्रेडरिक्सनगर म्हटले. चर्चचे काम १८०० साली सुरू झाले आणि १८०६मध्ये पुरे झाले. वर्गणी देणाऱ्यांत गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीही होता, त्याने हजार रुपये दिले. त्याचा बंगला समोरच्या तीरावर बराकपूरला होता, आणि पलीकडच्या देखाव्यात एका मनोऱ्याची उणीव त्याला जाणवत असे म्हणतात. खरे असो वा नसो, बराकपूरच्या काठावर उभे राहिले की मनोरा बरोबर जागच्या जागी दिसतो. अलीकडे या चर्चची डागडुजी फार नेटकी झाली आहे. २०१६मध्ये युनेस्कोने त्याबद्दल गौरवही केला. जवळचे जुने डेन्मार्क टॅव्हर्न तर पडायला आले होते. तेही पुन्हा उभे केले असून आता तिथे कॉफी मिळते.

घाटाच्या पायऱ्यांवर एक वयस्कर गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. कुठून आलात, विचारले. नागपूर, म्हणालो. त्यांनी चष्मा वर केला आणि हसून म्हणाले, "म्हणजे तुम्ही बर्गी!"

बंगालबाहेरच्या वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागेल. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फौजा जवळजवळ दरसाल बंगालमध्ये उतरत होत्या. पहिल्याच वर्षी भास्करराम कोल्हटकरांनी याच नदीवरचे वरचे हुगळी शहर घेतले, काटव्याजवळ तळ टाकला आणि तिथे दुर्गापूजाही केली. दोन वर्षांनी नवाब अलीवर्दीखानाने त्यांना वाटाघाटीला बोलावून छावणीत मारले. गावेच्या गावे जळाली, विणकर पळून गेले. कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो मराठा डिच. गंगाराम नावाच्या कवीने या लुटीवर बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. आणि बंगाली आया आजही मुलांना झोपवताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यात बागुलबुवाच्या जागी आपण आहोत. आमच्या शाळेत या मोहिमा 'बंगालची चौथाई' या मथळ्याखाली होत्या आणि त्यात रकमेचा आकडा लक्षात ठेवायचा होता: सालाना बारा लाख. १७५१च्या तहात अलीवर्दीने तो कबूल केला आणि ओरिसाचा वसूलही सोडला.

त्यानंतर चारच वर्षांनी याच अलीवर्दीखानाने डॅनिश कंपनीला श्रीरामपूरची जागा दिली. नव्वद वर्षांनी डॅनिशांनी ती इंग्रज कंपनीला विकली. सोबत तमिळ किनाऱ्यावरचे त्रांकेबारही होते. दोन्ही मिळून किंमत साडेबारा लाख रुपये! म्हणजे दोन वसाहती जेवढ्याला गेल्या, जवळपास तेवढी रक्कम नागपूर एकेकाळी वर्षाला मागत होते. नव्वद वर्षांत रुपयाची किंमत बदलली हे खरे, तरी हा हिशेब डोक्यातून जात नाही.

आता छपाईकडे येतो. इंग्रज कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या भानगडीत व्यापार बुडेल अशी भीती होती. म्हणून विल्यम केरी १८००च्या जानेवारीत डॅनिशांच्या आश्रयाला या गावी आला. मूळचा नॉर्दम्प्टनशायरचा चांभार, बूट शिवता शिवता भाषा शिकलेला. मार्शमन आणि छापखान्याचे काम जाणणारा वॉर्ड हे त्याचे सहकारी त्याच्या आधी तीन महिने येऊन पोचले होते. त्याच वर्षी वेलस्लीने कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. कंपनीच्या कोवळ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला माणूस हवा होता, आणि इंग्रजांत बंगाली येणारा माणूस मिळाला तो हा, ज्याला त्यांनी आपल्या हद्दीत राहू दिले नव्हते. केरी दर आठवड्याला होडीने कलकत्त्याला जाई, शिकवून परत येई. आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठीही.

मराठीच का, हे नकाशा बघितला की कळते. १८०३मध्ये वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध केले. असईच्या लढाईत इंग्रज फौजेचा सेनापती त्याचा धाकटा भाऊ आर्थर होता. देवगावच्या तहाने नागपूरकरांनी कटक गमावले. ज्या मुलखात आता कंपनीला वकील ठेवायचे, पत्रे वाचायची, हेर पोसायचे, त्या मुलखाची भाषा कंपनीला हवी होती. केरीचे 'मराठी भाषेचे व्याकरण' श्रीरामपुरात छापून निघाले ते १८०५ साली. चर्चला हजार रुपये देणारा, भोसल्यांचे ओरिसा घेणारा आणि मराठी व्याकरणाला निमित्त ठरलेला माणूस एकच. आपल्या छापील भाषेचा जन्म काही फार पवित्र मुहूर्तावर झालेला नाही.

अर्थात जन्म म्हणताना सांभाळून बोलायला हवे. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले, पण रोमन लिपीत. मिरजेला १८०५मध्येच पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापवली. तंजावरला सरफोजी राजांनी त्याच सुमारास देवनागरी छापखाना चालवला. तंजावरच्या शेजारचे त्रांकेबार पुन्हा डॅनिशांचेच, आणि सरफोजींचा गुरू श्वार्ट्झ तिथल्या मिशनमधून आलेला! दोन टोकांच्या दोन डॅनिश गावांच्या सावलीत मराठी अक्षर ओतले जात होते, आणि पुणे-मुंबईला त्याची फारशी खबर नव्हती.

केरीचे व्याकरण इंग्रजीत आहे, मराठी शब्द तेवढे देवनागरीत. शेवटी रोजच्या व्यवहारातली संभाषणे जोडली आहेत. मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती लिपीची गोष्ट. मराठी माणूस तेव्हा पत्र, हिशेब, करार मोडीत लिहीत होता. बाळबोध होती पोथीपुरती. केरीला हे ठाऊक होते, पण मोडीचे खिळे तयार नव्हते म्हणून त्याने पहिल्या पुस्तकात देवनागरी वापरली. मग त्याच्या ओतशाळेने मोडीचे खिळे पाडले. ही ओतशाळा पंचानन कर्मकार या लोहाराच्या हातून उभी राहिलेली. त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने ती चालवली. १८१०चा मराठी-इंग्रजी कोश मोडीत निघाला. १८१४मध्ये 'सिंहासनबत्तिशी' आणि त्यापुढच्या दोनेक वर्षांत 'हितोपदेश', प्रतापादित्याचे चरित्र आणि 'रघुजी भोसल्यांची वंशावळी' हीही मोडीतच.

ही वंशावळी निघाली तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघुजी होते किंवा नुकतेच वारले होते. बंगालवर चालून आलेल्या पहिल्या रघुजींचे ते नातू. ज्या नदीकाठाने बर्गींच्या टापा ऐकल्या, तिथेच सत्तर वर्षांनी बंगाली लोहाराच्या घराण्याने ओतलेल्या मोडी खिळ्यांनी भोसल्यांची वंशावळ छापली गेली. खिळे जुळवणाऱ्याला रघुजी म्हणजे कोण हे कुणी सांगितले होते का? त्याच्या घरी पाळण्यात तेच अंगाईगीत चालू असणार.

१८१२च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखिते, अनेक भाषांचे खिळे एका संध्याकाळी गेले. ठसे आणि साचे मात्र राखेत सापडले आणि त्यांवरून खिळे पुन्हा ओतता आले. कोश सोडला तर वर सांगितलेली मोडी पुस्तके या आगीनंतरची आहेत, हे ध्यानात घेतले तर त्या लोकांच्या चिकाटीचे नवल वाटते. त्यांचा मूळ हेतू धर्मांतराचा होता हे लपवण्यासारखे नाही, आणि त्यांनीही कधी लपवले नाही. मराठीत त्यांनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त छापले ते बायबलच. पण भाषेवर राहिला तो खिळ्यांचा ठसा. १८१८मध्ये इथून 'दिग्दर्शन' मासिक आणि 'समाचार दर्पण' साप्ताहिक अशी दोन बंगाली नियतकालिके सुरू झाली. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२मध्ये 'दर्पण' काढले आणि १८४०मध्ये 'दिग्दर्शन'. नावे उचलली असे मी म्हणत नाही, पण ती शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

मी गेलो तो रविवार होता. आधी चौकशी न करण्याचा आळस नडला आणि केरी ग्रंथालय बंद मिळाले. कॉलेजची इमारत बाहेरून पाहिली: नदीकडे तोंड केलेले उंच खांब, समोर हिरवळ, शेजारी सायकलवर टेकून गप्पा मारणारी पोरे. हे कॉलेज १८१८चे. १८२७मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली, आणि गाव विकताना तहात ती सनद राखून ठेवली. ग्रंथालय उघडे असते तरी माझा फारसा उपयोग नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. व्याकरण मी घरी संगणकावर चाळले होते, ते देवनागरी असल्याने वाचता आले. कोश उघडला तेव्हा पाने नुसती बघत बसलो. माझी आजी मोडीत धोब्याचा हिशेब लिहायची. मला तिची वही वाचता येत नाही. श्रीरामपूरच्या लोहाराने जी अक्षरे ओतली ती माझ्याच घरची होती, आणि मला इंग्रजी अर्थावरून मराठी शब्द ओळखावे लागले.

संध्याकाळी मिशनच्या दफनभूमीत गेलो. केरी, मार्शमन आणि वॉर्ड तिघेही इथेच आहेत. केरी १८३४च्या जूनमध्ये गेला. थडगी साधी आहेत, आसपास आंब्याची झाडे आणि मागे घरांची वाळत घातलेली धुणी. फोर्ट विल्यममध्ये केरीला मराठी शिकवणारा पंडित आपल्या वाङ्मयेतिहासात वैजनाथ शर्मा या नावाने येतो. व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरीने त्याचे ऋण मानले आहे. केरीच्या मराठीवर नागपूरकडच्या बोलीची छाप दिसते असे अभ्यासक म्हणतात, ती बहुधा या पंडिताची. गावात त्याची कसली खूण नाही. केरीच्या नावाची मात्र एक खूण सह्याद्रीत जागोजाग उभी आहे. केरीला झाडांचे वेड होते. त्याच्या मित्राने, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने, झाडांच्या एका प्रजातीला त्याचे नाव दिले: केरिया. केरिया आर्बोरिया म्हणजे आपला कुंभा.

परतताना लोकलऐवजी होडीने पलीकडे बराकपूरच्या धोबीघाटावर जायचे ठरवले. तिकीट काढताना सकाळचे गृहस्थ पुन्हा भेटले, हातात संदेशचा पुडा होता. "बर्गी परत चालला," त्यांनी शेजारच्याला सांगितले आणि पुडा माझ्यापुढे धरला. मी दोन घेतले. "फक्त दोन?" ते म्हणाले, "चौथाई तर पूर्ण घ्या."